अकरा सेकंद

साल्तोला जुलैत नदीवरून वारा सुटतो
तो थेट आमच्या खोक्यात शिरतो.
खोकं म्हणजे स्टँडच्या टाळक्यावरची पत्र्याची खोली,
तडकलेली काच, तीन खुर्च्या,
चौथी माझी, तिला पाठ नाही.
मी बोलत नाही. मी आवाज वरखाली करते.
छत्तीस वर्षं.

मधे बसतो विल्मार एचेगाराय,
रेल्वेवाल्यांचा एकेकाळचा गोलकीपर.
त्याची करंगळी केव्हाच दुसऱ्या गावाला निघालीय.
विल्मार खेळ सांगत नाही, खेळाच्या आधीचं सांगतो :
"हा डावीकडे मारणार. याचा खांदा चहाडखोर आहे."
आणि तो डावीकडेच मारतो.
लोक म्हणतात, विल्मारला आधी दिसतं.
आधी दिसणं आणि आधी पोचणं,
यांतलं अंतर त्याच्याइतकं कुणी मोजलेलं नाही.

उजवीकडे ग्लादिस, पेपरवाली.
सलग सातवा कॉर्नर वाया गेला
हे ती वाण्यानं उधारी वाचावी तसं वाचते.
खोटा आकडा तिच्या वहीत
पाहुणा म्हणूनही राहिलेला नाही.

डावीकडे बालतासार.
त्याचा रविवारचा विनोदी स्तंभ
एकोणतीस वर्षं एका गोलवर चाललाय.
फायनल होती, बॉल विल्मारच्या पायांमधून गेला.
"मग सोमवारी तिथून पोस्टमन गेला," बालतासारनं लिहिलं,
"बुधवारी संत्र्यांचा ट्रक,
आणि नगरपालिका आता टोलनाका बसवतेय."
गाव हसलं. अजून हसतं.
विल्मारही हसतो, माइकवर.
टेबलाखाली त्याची टाच आपटत राहते
तेव्हा मी एक बटण किंचित खाली घेते.
हे त्याला माहीत नाही. असेलही.

त्या रविवारी वारा नव्हता.
झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.
रेल्वेवाले एक-शून्यनं पुढे, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट,
गोलमध्ये नाउएल अरिस्मेंदी, वय एकोणीस,
हातमोजे उसने, एक नंबर मोठे.
बॉल आला तो काय मारलेला?
सांजेला गोठ्याकडे निघालेल्या म्हाताऱ्या शेळीसारखा आला,
ओळखीच्या वाटेनं,
आणि पायांमधून
गेला.

विल्मार गप्प.

माझ्यासमोरचा काटा शून्यावर आडवा झाला.
स्टुडिओतून फोन : तार तुटली का?
तार शाबूत होती.
नदीपर्यंतच्या सगळ्या स्वयंपाकघरांत
लोक रेडिओला थापट्या मारत असणार.
ग्लादिसचं पेन हवेत.
आम्ही दोघी बालतासारकडे बघत होतो.
विनोद त्याच्या ओठांवर आलेला मी पाहिला,
सजूनधजून, एकोणतीस वर्षांचा सराव असलेला.
त्यानं नळीनं हिरव्या कडू काढ्याचा लांब घोट घेतला
आणि तो गिळला.
मग म्हणाला,
"वारा आहे आज. नदीवरून. बॉल वळला."

ग्लादिसनं वहीकडे न बघता सांगितलं,
"ताशी चाळीस."

मी काय करणार?
बाहेरच्या प्रेक्षकांचा माइक बंद केला,
माझा, कधीच न वापरलेला, उघडला
आणि त्यावर हळू फुंकर घातली.
लांब, थांबत थांबत,
लहानपणी चूल पेटवायचे तशी.
साल्तोभर वारा सुटला.

विल्मारनं तिघांकडे पाहिलं.
वाकडी करंगळी टेबलावर ठेवली, म्हणाला :
"वारा नव्हता.
पाय उघडे राहिले त्याचे. माझेही राहिले होते.
बॉल मधे ठेवलाय. दोन मिनिटं आहेत अजून.
पोरगा हातमोजे घट्ट करतोय,
बघा, दातांनी करतोय."

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टींत काय झालं
ते ग्लादिसच्या वहीत आहे.
बालतासारचा पुढचा स्तंभ संत्र्यांच्या भावावर होता,
फारसा जमला नव्हता.

टेपा महिन्यानं पुसायच्या असा नियम आहे.
ही मी घरी आणलीय, पिठाच्या डब्यामागे असते.
ऐकण्यासारखं काही नाही तिच्यात.
अकरा सेकंद काहीच नाही,
मग दोन खोटी वाक्यं,
थोडा वारा.