एकोणसाठ

मार्लीन ह्रुस्काचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते,
कुणाचं तरी इन्सुलिन फ्रीजमधून काढत.
'तुला भारतातलं वाचता येतं ना?'
भारतातलं म्हणजे कुठलं, हे विचारणं
मी दहा वर्षांपूर्वीच सोडलं.

लिंकनचं म्युझियम. तळमजला.
उघडायला आठ दिवस, भिंतींना ओल्या रंगाचा वास.
दारावर मोठ्या अक्षरांत: साठ वस्तूंत नेब्रास्का.
काचेखाली मातीची एक वीट, गवताच्या मुळांसकट कापलेली;
असल्या विटांच्या घरात मार्लीनची पणजी नांदली,
छतातून साप पडायचे म्हणे, ताटात.
पुढे कत्तलखान्यातला पोलादी जाळीचा हातमोजा,
लेक्सिंग्टनच्या कुणा सोमाली बाईचा.
हात फारच लहान असणार तिचा.

आणि एक वही.
हिरवं कापडी पुठ्ठं, घामाने काळवंडलेलं,
आत पेन्सिल. 'ए. तोरस्कर, रस्ते विभाग, १९६८.'
'चांगला इंजिनियर म्हणतात,' मार्लीन म्हणाली,
'पण बेरीज येत नव्हती बिचाऱ्याला.
हे बघ. नऊ, चार, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव.
खाली लिहितो एकतीस.
आणि प्लॅट नदीत नव्याण्णव इंच पाणी?
आमच्याकडे कोंबडीसुद्धा चालत जाते पलीकडे.'

मी वही जवळ ओढली.
हातमोजे घाल, ती म्हणाली. घातले.

एक.
पाच.
अकरा.
चौदा.

मोठ्यानेच वाचलं. रिकाम्या दालनात
ते आकडे जरा जास्तच घुमले.
एकतीस, मार्लीन. बरोबर आहे.
बेरीज तेवढी त्याने तुमच्या आकड्यांत लिहिली, साहेबासाठी.
बाकी गुडघाभर पाण्यात उभं राहून, बोटं गारठलेली असताना
जे आधी हाताला आलं ते.

ती खुर्चीवर बसली.
पंचावन्न वर्षं फायलीत पडून होता तो,
हिशेबात कच्चा म्हणून.

मग पानामागून पान. मी वाचत गेले, ती टाइप करत गेली.
सदतीस. बेचाळीस. सदुसष्टला मीच अडखळले,
किती दिवसांत म्हटलाच नव्हता.
एका समासात: धने संपले.
एका पानावर नुसतं: वारा.
पुलाच्या चौथ्या खांबापाशी एक आकडा खोडून
पुन्हा तोच लिहिलेला.
अरविंद, अच्युत की अनंत, ते कुठेच नाही.
ओटो लोकांच्या भाषेत नेब्रास्का म्हणजे सपाट पाणी,
हे मार्लीनने मला सांगितलं, पाटीवर घ्यायचं म्हणून.
त्या सपाट पाण्याची खोली
मालवणचा की वेंगुर्ल्याचा कुणी एक जण
काठीने मोजत होता, मराठीत.

पाटीला पन्नास शब्दांची मर्यादा.
पहिलं वाक्य मी दिलं:
हा नऊ नाही, एक आहे.

निघताना कोपऱ्यातली पेटी दिसली. दिवा लावलेला, आत काही नाही.
नुसते दोन पितळी टेकू, पावलांच्या मापाचे.
खाली: मोकॅसिन. पॉनी लोकांना परत दिले.
'म्हणजे साठ नाहीतच,' मी म्हटलं. 'एकोणसाठ.'
म्हणजे काय, तिने विचारलं.
आम्ही साठ आधी धरतो
आणि त्यात एक कमी आहे, हे नावातच सांगतो.

तिने दोनदा म्हणून पाहिलं. ण काही येईना.
दारावरचे साठ बदलायचे का, शिडीवरचा पोरगा विचारत होता,
ब्रश हातात घेऊन.
मार्लीनने त्याला थांबायला सांगितलं
आणि दिवा तसाच ठेवून
आम्ही दोघी बाहेर आलो.