पूर्ववत

खिडकी क्रमांक तीन.
काचेला बोलण्यापुरतं भोक, खाली कागद सरकवण्यापुरती फट.
अकरा वर्षं इथे बसून मला या काउंटीतली माणसं
हनुवटीपासून पोटापर्यंतच ठाऊक आहेत.

ड्यूई स्टॉलकप ऑगस्टमध्ये आला.
शर्टावर डांबराचे ठिपके, म्हणजे छपरांचं काम.
"परवाना निलंबित आहे म्हणे. मला कुणी सांगितलं नाही."
सांगितलं होतं.
मागचा एक दिवा फुटका, त्याचा दंड,
न भरलेल्या दंडावर कोर्टाची तारीख,
चुकलेल्या तारखेवर पत्र,
आणि पत्र गेलं त्या घरी
जिथे आता फक्त त्याची बायको राहते.
नियमाला पत्र पाठवल्याशी मतलब. पोचणं हे पत्राचं बघणं.

"गाडी चालवणं हा हक्क नाही,
ती राज्याने दिलेली मुभा आहे," मी म्हटलं,
पाढे म्हणावेत तशी मी हे दिवसातून वीसदा म्हणते.
तो म्हणाला, "मिस ओलीटा, काम चौदा मैलांवर. बस नाही.
चालणं तरी हक्कात बसतं ना?"
मला हसू आलं होतं. पण मागे रांग होती.

निलंबित.
शब्दच बघा कसा लोंबतो,
ना तुटला, ना हातात आला,
दोरीवर राहून गेलेला सदरा
ज्याला आता कुणी आपला म्हणत नाही.

सप्टेंबरात तो कोर्टाचा दाखला घेऊन आला.
शिक्का होता, सही नव्हती. मी परत पाठवला.
मग सही आली, तर विम्याचा कागद जुन्या नमुन्याचा.
परत पाठवला.
मीच पाठवला, दुसरं कोण होतं खिडकीत?
प्रत्येक वेळी "थँक यू, मॅम" म्हणायचा,
आणि त्या थँक यूने मला जेवण जायचं नाही.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी, गारा पडत असताना,
माझ्या दिव्यांच्या उजेडात पांढऱ्या रेघेवरून चालणारी एक पाठ आली.
चेहरा मी ओळखला नसता.
पाठ मात्र डांबराची होती.
मी वेग कमी केला.
मग वाढवला.
याबद्दल मला काही बोलायचं नाही.

मार्चमध्ये सगळं जुळलं. दाखला, सही, विमा,
आणि पूर्ववत करण्याचं शुल्क, वीस-वीसच्या घडी पडलेल्या नोटांत.
"हसायचं नाही," फोटोच्या वेळी मी म्हटलं.
"ते सोपं आहे," तो म्हणाला.
नवं कार्ड यंत्रातून कोमट निघालं.
मी फटीतून सरकवलं. "आता गाडी चालवू शकता."
"गाडी विकली," तो म्हणाला,
"फेब्रुवारीत. हे शुल्क कुठून आलं वाटतं तुम्हाला?"
त्याने कार्ड खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं
आणि दारातून चालत गेला.
तेव्हा पहिल्यांदा मला त्याचे बूट दिसले.

साडेचारला मी खिडकीची जाळी ओढली.
सहाव्या मैलाच्या दगडापाशी तो दिसला.
या वेळी थांबले.
"बूट चिखलाचे आहेत," तो म्हणाला.
मी इंजिन चालू ठेवून उतरले, वळसा घालून
शेजारच्या सीटवर बसले.
तो तसाच उभा. कागदात काहीतरी कमी असावं तसा.
"बसा," मी म्हटलं, "मला आज कंटाळा आलाय."

त्याने सीट मागे घेतली. तिन्ही आरसे नीट केले.
पंचावन्नची हद्द होती, तो पंचेचाळीसवर राहिला.
शेरिफची एक गाडी दोन मैल मागे लागून होती,
तेव्हा त्याचा एक हात खिशाच्या बटणावर गेला
आणि स्टिअरिंगवर परत आला.
ती गाडी वळून गेली. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग त्याच्या वस्तीचा कच्चा रस्ता आला.
पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही,
दोन्हीकडे कापलेली शेतं आणि एक बंद पंप.
तरी त्याने सिग्नल दिला,
खूप आधीपासून,
टक, टक, टक, टक,
आणि पूर्ण थांबून, दोन्हीकडे बघून,
मग वळला.