वीसला एक कमी

चिझम, मिनेसोटा. पहाटेचे चार पन्नास.
पारा शून्याखाली एकतीस,
इथले लोक याला "जरा गार आहे" म्हणतात.
यार्डात शाळेच्या अकरा बस. दहा घुरघुरतायत.
चौदा नंबर गप्प.

डॉरीन, दोन टोप्या घातलेली, खिडकीतून ओरडते,
"फिरतंय, पण धरत नाही!"
मागच्या नळीतून पांढरा धूर.

पांढरा म्हणजे बरं.
डिझेल आत पोचतंय, नुसतं पेटत नाही.
काळजी करायची ती धूरच आला नाही तर.

याला ठिणगी नसते.
आत बसून कुणी काडी ओढत नाही.
हवा दाबायची, दाबायची,
इतकी की ती आपल्या आपण तापते.
पण लोखंडच बर्फ झालं असेल
तर दाबून मिळवलेली ऊब
सिलिंडरच खाऊन टाकतो.
म्हणून ग्लो प्लग. करंगळीएवढे आठ निखारे.

गडहिंग्लजला मामाच्या पिठाच्या गिरणीत
असलं काही नव्हतं. माघातल्या सकाळी मामा
चिंधीचा बोळा डिझेलात बुडवून पेटवायचा,
हवेच्या तोंडाशी धरायचा,
आणि मी हँडलला लोंबकळायचे.
इंजिन तो जाळ गिळायचं, खोकायचं, धरायचं.
दळणाला आलेल्या बायका
पदर नाकाला लावून आणखी दोन पावलं मागे.

"ईथरचा डबा आणायचा नाही," ऑर्विल म्हणतो.
"ग्लो प्लग आणि ईथर म्हणजे स्फोट.
आणि नाही फुटलं, तरी सवय लागते.
मग त्याच्याशिवाय उठत नाही. माझ्या भावासारखं."
पुढे तो बोलत नाही. मी विचारत नाही.

आधी ब्लॉक हीटर. वायर खांबाला नीट जोडलेली,
खांबाचा ब्रेकर मात्र रात्रीच पडलाय.
पण नऊ नंबर त्याच खांबावर होती, ती उठली.
बॅटऱ्या, दोन्ही बारा पॉइंट पाच.
डिझेल हिवाळ्याचंच, फिल्टरात मेण नाही.
मग उजवा हातमोजा काढून मीटर लावला:
पॉइंट आठ, पॉइंट नऊ, पॉइंट आठ...
सातवा जरा कुरकुरतो. चालेल.

राहिला रिले.
चावी फिरवली की टक वाजतो.
एका बोल्टवर बारा व्होल्ट. दुसऱ्यावर शून्य.
म्हणजे ऐकलं म्हणतो, पोचवत काही नाही.
असं माणूस माझ्या ओळखीचं आहे.
दर रविवारी फोनवर आईला हो, हो म्हणतं.
मीच ती.

पार्टचं दुकान आठला उघडतं.
पहिलं पोर सहा वीसला
हायवेच्या कडेला येऊन उभं राहतं.

ऑर्विल खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढतो,
टोक आधीच कधीतरी वितळलेलं,
आणि रिलेच्या दोन बोल्टांवर आडवा दाबतो.
चर्र. निळा जाळ.
"मोज. वीसपर्यंत."

मी मोजते, फुटक्या ओठांनी, मोठ्याने, मराठीत.
मोजायला लागले की मला दुसरी भाषा येत नाही.
सतरा. अठरा. एकोणीस,
आणि डॉरीनला धीर धरवत नाही.

एक सिलिंडर. तीन. पुन्हा एकच.
मग पांढरा लोट, आख्खं यार्ड गिळणारा,
मग करडा,
मग ती खडखड, जिच्यात कान आपोआप आठ मोजतो.

"शेवटचं काय म्हणालीस?"
"एकोणीस."
"म्हणजे?"
"वीसला एक कमी. आमच्यात तसंच म्हणतात."
ऑर्विल काळं टोक पँटला पुसतो, विचार करतो.
"वीस यायच्या आधीच वीसचं नाव?
तुमच्याकडे थंडी नसणार."

चौदा नंबर फाटकातून वळते, लाल दिवे धुरात विरतात.
मी पॅडवर लिहिते: रिले, एक नग.
खांब तीन, ब्रेकर.
पेन धरवत नाही म्हणून हातमोजा शोधते.
तो इंजिनावरच राहिला,
बॉनेटखाली,
पोरं आणायला गेला.