पलीकडचा धक्का

ओतारूत बर्फ पडायला लागला की
दुकानात गिऱ्हाईक कमी, ऊब घ्यायला येणारेच जास्त.
स्टोव्हवर किटली, कपाटात
हौसेनं घेतलेले, कंटाळून विकलेले कॅमेरे.
मी सगळ्यांनाच आत या म्हणतो.
मेगापिक्सेल विचारणाऱ्यालासुद्धा.

काशिवागी बाई आल्या त्या दिवशी
बुटांचा बर्फ दाराशी झटकून थेट म्हणाल्या,
लांबचं दिसेल असं काही दाखवा.
किती लांबचं? चंद्र? घारी?
पलीकडचा धक्का, त्या म्हणाल्या.

तिथं कोण असतं ते सगळ्या उताराला ठाऊक आहे.
धाकटा भाऊ, तेत्सुरो. मासळी वाळवतो.
आईच्या कोठाराच्या वाटणीवरून
अकरा वर्षं अबोला.
मी काच पुसत राहिलो, ठाऊक नसल्यासारखा.
दुकानदाराला एवढं जमावंच लागतं.

दोन कॅमेरे समोर मांडले.
हा एसएलआर. मान दुखेल, पण लेन्स बदलता येते.
ही लांब नळी चढवली की
पलीकडच्या माणसानं आज दाढी केलीय का, तेही कळेल.
एक मात्र आधीच सांगतो, आत आरसा आहे.
बटण दाबलं की तो वर उडतो
आणि नेमका तेव्हाच डोळ्यापुढं अंधार.
जो क्षण टिपला
तेवढाच आपण पाहिलेला नसतो.

आणि हा छोटा. कोटाच्या खिशात मावतो.
लेन्स एकच, जन्माची चिकटलेली.
पुढं येत नाही, मागं सरत नाही.
माणूस मोठा हवा असेल
तर आपण चालायचं.

त्यांनी आधी नळी उचलली, खिडकीबाहेर रोखली.
किटलीतलं पाणी आटत आलं
तरी मी उठलो नाही.
मग म्हणाल्या, वाकलाय.
म्हणजे, कमरेत.
आणि नळी अशी खाली ठेवली
जसं दुसऱ्याचं पत्र चुकून उघडलं होतं.

छोटा घेऊन गेल्या, घासाघीस न करता.
मी सहाशे येन चढवून सांगितले होते.
लाज वाटून बॅटरी जादा दिली.

तेव्हापासून दर मंगळवारी फोटो छापायला येतात.
पहिल्यात नुसतं पाणी, आभाळ, जाळी,
आणि मधे तिळाएवढा तो.
पुढच्या खेपेला तांदळाएवढा.
जानेवारीत फोटोतलं पाणी नाहीसं झालं,
म्हणजे बाईंनी पूल ओलांडला.
मग एकदा पुन्हा तीळ.
काय झालं ते मी विचारलं नाही.
दोन मंगळवार आल्याच नाहीत.

फेब्रुवारी संपताना घेवड्याच्या दाण्याएवढा,
पाठमोरा, टोपीची लोकर उसवलेली.
नंतर अंगठ्याएवढा, सरळ इकडं बघणारा,
कपाळाला अशी आठी
जी सख्ख्या बहिणीपुढंच पडते.

काल आणलेला फोटो बिघडलेला होता.
नुसता तपकिरी धूर
आणि त्याच्या टोकाला काही चंदेरी.
म्हटलं, वीतभरही अंतर नाही,
इतकं जवळचं या लेन्सला दिसत नाही. राहू दे का?
बाही आहे त्याची, त्या म्हणाल्या.
आणि हे?
हेरिंग. धर म्हणाला, मग दोन्ही हात...
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
तुमच्याकडं कागद केवढा मोठा आहे?

एसएलआर अजून कपाटातच.
दुकान बंद करताना कधी काढतो,
काळ्या धक्क्यावर रोखून बटण दाबतो.
आरसा उडाल्याचा आवाज मला आवडतो,
आणि तो एवढासा अंधारही.

मुलगा साप्पोरोत असतो.
तिथवर पोचेल अशी नळी कुणी बनवत नाही.
आगगाडीनं पाऊण तास.