दोन डब्यांची चूल

बाहेरचा डबा रंगाचा, चार लिटरचा,
कडेला पिस्ता रंग वाळून बसलेला.
आतला दुधाच्या पावडरीचा,
शलाका तीन महिन्यांची होती तेव्हाचा.
नंतर चोवीस वर्षं त्यात बटणं राहिली.

बटणं मी ताटात ओतली.
एवढा आवाज झाला
की हे पेपरातून वर बघून म्हणाले,
"काय सांडलं गं?"
काही नाही. जागा बदलली.

शनिवारी आम्ही सातजणी
मसाईच्या पठारावर मुक्कामाला निघालोय.
सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या,
एकीचा गुडघा दुसरीच्या भरवशावर.
गॅस कुणी वाहायचा यावरून वाद लागला
तेव्हा मी बोलून बसले:
चूल मी आणते.

खिळ्यानं भोकं पाडायला गेले.
खिळा वाकला, डबा चेपला,
अंगठ्याचं नख काळं पडलं.
मग दोन्ही डबे पिशवीत घालून
केएमटीनं थेट उद्यमनगर.

शिकलगार चाचांच्या शेडमध्ये लाईट गेलेली.
लेथ गप्प. चाचा दारातच बिडी ओढत बसलेले.
त्यांनी डबा कानाशी नेऊन टिचकी मारली,
माठ घेताना मारतात तशी.
"पत्रा पातळ हाय. असू दे.
चूल पत्र्याची नसती वहिनी,
चूल भोकांची असती."

लाईट आली. ड्रिल फिरलं.
आतल्या डब्याच्या बुडाला बारा भोकं,
गळ्याशी अठरा, बारीक.
बाहेरच्याला खालून दम घ्यायला दहा.
झाकणाला गोल कापून
आतला त्यात गच्च बसवला.
हवा दोन पत्र्यांच्या मधून तापत वर चढणार
आणि गळ्याशी धुराला गाठणार.
"मग धूरच जळतो बघा."
धूर जळतो?
"तर! लोकं नुसती डोळं पुसत्यात.
धुरात निम्मं लाकूड शिल्लक असतं."

पैसे घेतले नाहीत.
पठारावरनं करवंदं आणा म्हणाले.
जानेवारीत करवंदं नसतात
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

कडगावला, माहेरी, आईच्या चुलीपाशी
मी बारा वर्षं फुंकणी धरली.
म्हणजे निम्मं लाकूड
आमच्या डोळ्यांतून गेलं.

गच्चीवर पहिली चाचणी.
करवंटीचे तुकडे, गुऱ्हाळावरून मागून आणलेली चिपाडं,
तळाशी कापूर, काडी लावली.
पिस्ता रंग असा काही पेटून वास मारला
की शेजारच्या पोवारकाकूंनी
वाळत घातलेलं लुगडं
मला ऐकू जाईल इतक्या जोरात ओढून घेतलं.
धूर. नुसता धूर.
फुंकत बसले. फुंकायची सवय कुठं जाते?

चाचांना फोन केला.
"खालनं पेटिवलं व्हय?
वरनं पेटवा वहिनी. ही वरनं खाली जळती."

पन्नास वर्षं चूल खालून पेटते
हे मला कुणी शिकवलंही नव्हतं,
हात आपोआप खाली जायचा.

सगळं उपसलं, परत भरलं.
वर कापूर, वर काडी.
आधी धूर आला, जाड, पांढरा.
मी फुंकणी उचलली, आणि
खाली ठेवली.
थांबले.
ते थांबणंच अवघड गेलं.

मग गळ्याच्या अठरा भोकांतून
अठरा बारीक जाळ
आतल्या बाजूला वळले.
वर आकाश स्वच्छ,
पोवारकाकूंच्या दोरीवर परत लुगडं.

हे जिना चढून आले, पाठीमागं हात बांधून.
"दुकानात हजार रुपयांत मिळते असली," म्हणाले.
मिळते की.
आणि कठड्याला टेकून उभे राहिले,
चहा उकळेपर्यंत.
साखर संपली होती म्हणून गूळ टाकला.
चहा फाटला. तरी आम्ही प्यायलो.

रात्री ताटं घेताना एक कमी पडलं.
बटणं अजून त्यातच.
त्यांना दुसरा डबा बघायला हवा.
हे परातीत जेवले.