ड्रमखालचं

लॅकवानात, बंद पडलेल्या पोलाद कारखान्यामागे,
कॅझिमिअर व्रोनाचं गॅरेज.
शनिवारी मी त्याच्या हाताखाली.

आधी मागचा पत्रा. मग पट्टा.
मग ड्रम उचलायचा, दोघांनी,
आणि खाली तो राखाडी कापूस:
पंधरा वर्षांच्या टॉवेलांचा, मोज्यांचा, कुणाच्या तरी कुत्र्याचा.
कॅझ त्यात बोटं घालतो
खुडूक कोंबडीखालची अंडी चाचपावीत तशी.

नाणी, तापून तापून काळवंडलेली.
एक कॅनडाचं, नदीपलीकडून आलेलं.
केसांचे आकडे, स्क्रू, बसचं टोकन,
ती बस बंद होऊनही जमाना झाला.
"पत्र्याला पौंडामागे सहा सेंट," तो म्हणतो,
"आणि हे वरकड."
वरकड कॉफीच्या डब्यात पडतं, खणखणत.

मार्चमध्ये अंगठी निघाली.
आतून कोरलेलं: ल्युसिलला, आर.
पत्ता पावतीवर होताच. कॅझने हात धुतले, दोनदा,
शर्ट बदलला.

दार उघडलं त्या बाईचं नाव ॲग्नेस.
तिने अंगठी उजेडात धरली,
चष्मा लावून पुन्हा धरली.
"आर म्हणजे रेमंडच," म्हणाली.
आणि जरा वेळाने, "बाकी माझं नाही."
दार तिने हळू लावलं, कुणी झोपलं असावं घरात, तसं.

ट्रकमध्ये आम्ही बोललो नाही.
अंगठी कॅझच्या खिशात.
लोहचुंबकाला चिकटत नाही, काट्यावर भरत नाही,
आणि डब्यात टाकायला त्याचा हात होईना.

पुढच्या शनिवारी दुसरा ड्रायर.
ड्रम निघाला तसा कॅझ मागे सरला,
हात पुसत म्हणाला,
तू बघ.