छाट

लॅबचे डॉक्टर म्हणाले, सहा महिने.
पगार नाही. अनुभव मिळेल, शेवटी सर्टिफिकेट.
संध्याकाळी हे अम्माला सांगितलं
तेव्हा तिच्या मांडीवर सूप होतं,
दातांत दोऱ्याचं टोक.
दोरा तोडून ती म्हणाली,
"म्हणजे छाट."

छाट म्हणजे
हजारातल्या ज्या विड्या कारखान्यातला कारकून
एका बोटाने बाजूला सारतो.
पान फाटकं, तोंड नीट मुडपलेलं नाही.
त्यांचे पैसे लागत नाहीत.
विड्याही परत मिळत नाहीत.
पुढे कुणीतरी त्या ओढतोच,
आणि ओढणाऱ्याला चव सारखीच लागते.

घरकुलापासून सात रस्त्यापर्यंत शेअर रिक्षा,
जायला वीस, यायला वीस.
डबा घरचा: कडक भाकरी, शेंगाचटणी.
पांढरा कोट निलोफरच्या भाभीने शिवला,
शिलाई घेतली नाही,
कापडाचे पैसे अजून द्यायचेत.

निलोफर आणि मी एकाच टेबलावर.
ती शीर अशी शोधायची
की पेशंट विचारायचा, टोचलं का?
मी पहिल्याच आठवड्यात
एका म्हाताऱ्या मास्तरांना तीनदा टोचलं.
ते म्हणाले, शीक बाई, शीक,
आमचं रक्तही फुकटच आहे.

पांढऱ्या पेशी मोजायला चौकटींची काच असते.
एक डोळा मिटून मी मोजते.
घरी अम्मा मोजते,
पंचविसाचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
आमच्या घरात इतकी मोजदाद,
आणि महिनाअखेर तरीही चुकते.

मग कॉलेजने निधी काढला,
बिनपगारी काम शिकणाऱ्यांसाठी.
अर्ज दोन पानी. तहसीलचा दाखला,
विडी कार्डाची झेरॉक्स,
आणि शेवटी एक रकाना:
मदतीची गरज का, पन्नास शब्दांत लिहा.
नाना गेले ते आधी लिहू
की त्यांचा माग भंगारात गेला ते?
दया येईल असं लिहू, की येऊ नये असं?
तीनदा खोडलं.
शेवटी फक्त रिक्षाभाडं लिहिलं,
चाळीस गुणिले सव्वीस गुणिले सहा,
सहा हजार दोनशे चाळीस.
पंधरा-सोळा शब्द झाले.
बाकीचे माझ्याकडेच आहेत.

निलोफरने अर्ज घेतला,
घडी घालून पर्समध्ये ठेवला.
दुसऱ्या महिन्यात ती यायची थांबली.
आता नवी पेठेत मोबाइलच्या दुकानात असते,
स्क्रीनवर काच बसवते,
खाली एक बुडबुडा राहत नाही.

निधी चौथ्या महिन्यात आला.
अम्माने विचारलं, परत कधी द्यायचे?
द्यायचे नाहीत.
व्याज?
नाही.
ती पान कापायचा पत्रा पदराने पुसत राहिली,
स्वच्छ होता तरी.
"डॉक्टरने दिले?"
नाही अम्मा, कॉलेजने.
"काम कुणाचं केलंस?"
डॉक्टरांचं.
"मग डॉक्टरचं काय गेलं?"

दोन पानी अर्जात
हा रकाना कुठेच नव्हता.

रविवारी नवी पेठेत गेले.
माझ्या मोबाइलची काच तडकलेली होतीच.
निलोफरने फुंकर मारली, कापडाने पुसलं,
अंगठ्याने मधोमध दाबत कडेपर्यंत हवा काढली,
शीर चाचपायची तसा तोच अंगठा.
पैसे घेईना.
मी काउंटरवर ठेवले आणि निघाले.
ती मागून हाक मारत राहिली,
आधी आडनाव, मग नाव,
लॅबच्या बाकावर बसलेल्या पेशंटला
आत बोलवावं तशी.